तंबाखूच्या फुलाचा काठ

आमच्या ह्यांचा कुणावर विश्वास न्हाय. दूधवाल्यावर न्हाय, विजेच्या मीटरवर न्हाय, डॉक्टरच्या सुईवर तर न्हायच न्हाय. लग्न होऊन मी वडगावात आले तेव्हा चहात साखर घातलीय का, हे सुद्धा मला न विचारता चमच्यानं तळ ढवळून बघायचे. नाव तम्मण्णा, गल्लीत सगळे अण्णा म्हणतात. जन्मभर पॉवरलूमवर साड्या विणल्या. आता माग पोराच्या, अमृतच्या, हातात दिलाय आणि हे रिकामे झालेत. रिकामा माणूस कट्ट्यावर बसतो असं मला वाटायचं. आमचा रिकामा माणूस पुस्तक लिहायला बसला.

पुस्तकाला कारण मीच. म्हणजे माझा काठ.

माझं माहेर निपाणीकडचं, शिवारात सगळा तंबाखू. तंबाखूला फूल आलं की बाया ते खुडून टाकतात, मग पानात जोर येतो. खुडायला मी पण जायची आणि ती फिकट गुलाबी फुलं ओटीत भरून घरी आणायची. आई म्हणायची, टाकायच्या फुलाचं कसलं कौतुक गं. सासरी आल्यावर साडीच्या नक्षीचा चौकटीचा कागद पहिल्यांदा बघितला. एकेक घर काळं करत जायचं, नक्षी आपोआप दिसायला लागते. एका दुपारी बसून मी त्यावर तंबाखूचं फूल काढलं. ह्यांनी ते साडीच्या काठाला घातलं. लई सुंदर आली साडी. मी माझ्याच तोंडानं सांगते, कारण दुसऱ्या कुणी कधी सांगितलं न्हाय.

तेव्हा सूत शेटचं आणि माग आमचा, असा कारभार होता. हे साडी घेऊन खडेबाजारात शेटच्या दुकानात गेलते. शेट म्हणाला, नक्षीचा कागद जरा ठेवून जा, बघतो. हे ठेवून आले. पुढच्या दिवाळीला शहापूर-वडगावात ज्याच्या त्याच्या मागावर माझं फूल, आणि शेटच्या दुकानात पाटी, आमचा खास काठ. कुणाच्या बायकोनं काढला, कुणाच्या घरात आला, काय पत्ता न्हाय.

ह्यांनी त्या कागदात खोटं घर ठेवलं नव्हतं, म्हणून असं झालं. आमच्यात तशी रीत हाय. मागावर नक्षी उठवायला पुठ्ठ्याची कार्डं लागतात आणि त्याला भोकं पाडून देणारा माणूस बाहेरचा असतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या कागदात एक घर मुद्दाम चुकीचं भरायचं. कार्डं परत आली की ते तेवढं भोक आपण घरात कागद चिकटवून बुजवायचं. कुणी मधल्या मधे नक्कल मारली तर त्याच्या साडीत ती चूक उठते आणि चोर सापडतो. सगळे करतात. ह्यांनी त्या एकदाच केलं न्हाय, आणि तिथनं पुढं हा माणूस असा झाला.

तर एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाले, "इंदू, सगळं लिहून काढतो. माग, गल्ली, शेट, समदं. आणि तो काठ तुझा हाय, हे छापून आणतो."

मी म्हणलं, "आता म्हातारपणी काय करायचंय त्याचं." असं तोंडानं म्हणलं. मनात मला ते पाहिजे होतं. किती पाहिजे होतं ते माझं मलाच ठावं.

लिहून झालं, पण मला एक पान दाखवतील तर शपथ. म्हणाले, "तू मंगळवारी भजनाला जातीस. तिथं काय काय बोलतीस ते मी ऐकलंय." बायकोवर संशय घेऊन बायकोसाठी पुस्तक लिहिणारा माणूस मी तरी दुसरा बघितला न्हाय.

अमृत म्हणाला, "आप्पा, आता प्रकाशकाच्या दारात बसायला नको. स्वतःच काढता येतं पुस्तक. तपासून देणारी, मांडणी करून देणारी माणसं मिळतात. फक्त माणूस नीट पारखून घ्या." आता हे ह्यांना सांगायला पाहिजे होतं व्हय.

ह्यांनी पारखायची तयारी केली. पुस्तकातलं एक प्रकरण नमुना म्हणून काढलं आणि त्यात खोटं घर भरलं. दुपारी सगळ्या वडगावची वीज गेली आणि आमचा माग संध्याकाळपर्यंत धडाधड चालत राहिला, असं लिहिलं. पॉवरलूम, आणि विजेशिवाय. स्वतःशीच मोठ्यानं वाचून स्वतःच हसले. जो हे वाचून गप बसेल त्यानं वाचलंच न्हाय, असा हिशेब.

पहिली पुण्याची एक कंपनी. नाव काय ते ह्यांनाच माहीत, मोबाईलवर जाहिरात आलती. ह्यांना ऐकू कमी येतं म्हणून फोन नेहमी मोठ्या आवाजात, सगळं घर ऐकतं. पोरगी लई गोड बोलायची. "सर, आमच्या पूर्ण टीमनं वाचलं. आम्ही अक्षरशः रडलो सर. असं लेखन दहा वर्षांत आलं नाही." मग गोल्ड पॅकेज, डायमंड पॅकेज, पुरस्काराची शिफारस, टीव्हीवर मुलाखत. ह्यांनी शांतपणे विचारलं, "त्या दुपारचं प्रकरण कसं वाटलं?" ती म्हणाली, "तेच तर काळजाला भिडलं सर." ह्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "वीज गेल्यावर रडली असंल."

दुसरा खडेबाजारातला डीटीपीवाला. त्यानं दिलं तसं टाईप करून ठेवलं, वर म्हणाला, मुखपृष्ठावर ताजमहाल टाकूया, माझ्याकडं चांगला फोटो हाय. साडीच्या पुस्तकावर ताजमहाल कशाला, असं विचारलं तर म्हणाला, प्रेमाचं प्रतीक हाय न्हवं. ह्यांनी तिथला पेन ड्राईव्ह स्वतः काढून खिशात घातला आणि घरी येऊन अमृतकडनं तीनतीनदा पुसून घेतला.

तिसरी नीलम. निपाणीची पोरगी, वयानं आमच्या अमृतएवढी. पुस्तकं तपासून, मांडून द्यायचं काम करते. बसनं आली, पाणी प्यायली आणि पहिलंच बोलली, "अण्णा, वीज गेल्यावर पॉवरलूम कसा चालला? जनरेटर होता का? असेल तर लिहायला पाहिजे."

मी चहा टाकत होते, तिथनंच ह्यांच्याकडं बघितलं. हे मिशीत हसत होते.

ती पुढं म्हणाली, "आधीच सांगते. पुस्तक खपवून देणं, बक्षीस मिळवून देणं हे माझं काम न्हाय. मी वाचणार, शंका काढणार, मांडणी करून देणार. छपाई तुम्ही पाहिजे तिथं करा. पुस्तकाचे हक्क तुमचेच राहतील, तसं लिहून देते. पण माझ्या शंकेला उत्तर द्यायला लागेल. तेवढं नसेल जमत तर दुसरं कुणीतरी बघा."

आधी कुणाचं पुस्तक केलंस, हे विचारलं तेव्हा तिनं चिकोडीच्या एका निवृत्त मास्तरांचा फोन नंबर दिला. दुसऱ्या माणसानं फोन केला असता. हे बसनं चिकोडीला गेले. आणि मास्तरांना भेटले न्हाईतच. त्यांच्या शेजाऱ्याला भेटले, मास्तर पुस्तकावर खूश हाईत का म्हणून. शेजाऱ्याला वाटलं मास्तराच्या पोरीला स्थळ बघायला आलेत, त्यानं बसवून पोहे खायला घातले. पण पुस्तकाबद्दल चांगलं बोलला. तेव्हा कुठं नीलमला काम दिलं.

मला वाटलं, चला, आता माणूस सापडला. विश्वास बसला. कसला बसतोय. घरी येऊन म्हणाले, "पोरगी हुशार हाय. हुशार माणसाला जास्त जपायला लागतं."

मग पुस्तक तिच्याकडं गेलं. अधनंमधनं तिचे फोन यायचे, ह्या सालात हे कसं, त्या माणसाचं नाव दोन प्रकारे का. हे सांगायचे. एकदा फोन आला आणि तिनं "अण्णा, काठाचं ते प्रकरण" एवढं म्हणल्याबरोबर हे फोनचा आवाज बारीक करून, कानाला लावून गल्लीत गेले. मी दाराआड उभी राहिले. ह्यांचंच बोलणं ऐकू आलं. "न्हाय. हाय तसंच ठेवायचं. एक अक्षर हलवायचं न्हाय. कुणाला विचारायची गरज न्हाय."

आत आल्यावर मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "काठाबद्दलच सारखं विचारतीया. निपाणीची हाय गं ती. निपाणीच्या फुलावर डोळा हाय तिचा."

खोटं कशाला बोलू, मला पण तेव्हा क्षणभर तसंच वाटलं. एकदा पोळलेलं मन, लगेच संशयाकडं धावतं. मी म्हणलं, "नीट बघा मग. ह्या वेळेला हातनं जाऊ देऊ नका."

छापायच्या आधी नीलमनं सगळी पानं काढून पाठवली. अण्णा, सावकाश वाचा, तुम्हाला पाहिजे तसं हाय का बघा, मगच सही करा, असं सांगितलं. हे चष्मा लावून बसले. एका बाजूला तिची पानं, एका बाजूला ह्यांची स्वतःची. बोट ठेवून ठेवून जुळवत होते. काठाचं प्रकरण तर परत परत जुळवलं. जेवायला हाक मारली तर उठले न्हाईत. शेवटी चष्मा काढला आणि खुशीत म्हणाले, "जसंच्या तसं हाय. दिलं तेच हाय. काही चोरलं न्हाय बाईनं."

मी म्हणलं, "तेवढं पान मला दाखवा की."

"पुस्तक आल्यावर वाच. पहिली प्रत तुझीच."

पहिली प्रत माझ्याकडं आली न्हाय. छापखान्यातनं गठ्ठे घेतले आणि हे आधी खडेबाजारात उतरले. म्हातारा शेट आता न्हाय, त्याचा पोरगा राजकुमार दुकानात बसतो. त्याच्या गल्ल्यावर पुस्तक ठेवलं, काठाचं पान दुमडून दिलं, वाच म्हणले, आणि तसेच निघून आले. घरी आले तेव्हा चाल बघायची होती ह्यांची. लग्नात पण असे चालले नव्हते.

मी हात धुऊन, पदराला पुसून पुस्तक घ्यायला पुढं झाले तोवर फोन वाजला. राजकुमार शेट. आवाज नेहमीसारखा मोठा.

"अण्णा, पुस्तक झकास झालंय. एक विचारू का? आमच्या वडलांनी इंदुआक्काचा काठ ढापला, असं तुम्ही जन्मभर सांगत आलाय. मला पण ते खरंच वाटायचं. मग इथं जांबोटीच्या भावकू मेस्त्रीनं काढला असं कसं छापलंय? हा भावकू कोण? जांबोटीत माग कधी होते?"

फोन कुणी बंद केला आठवत न्हाय. मी पुस्तक उघडलं. होतं तसं, काळ्या शाईनं. तंबाखूच्या फुलाचा हा काठ जांबोटीच्या भावकू मेस्त्रीनं काढला. आजूबाजूला माझं पण नाव होतं, इंदू चहा घेऊन आली, इंदू खिडकीत बसायची.

"कोण भावकू?" मी विचारलं.

हे गठ्ठ्यावरच बसले. "कोण न्हाय गं. खोटं घर होतं ते. तिनं प्रकरण चोरून कुठं छापलं तर सापडावी म्हणून घातलतं. छापायच्या आधी बुजवणार होतो."

"मग?"

"जुळवताना सगळं जुळलं. दिलं तेच होतं. मी खुशीत सही केली."

मला आधी राग आला न्हाय. आधी लाज वाटली, कुणाची कोण जाणे. मग आत जाऊन चुलीपाशी बसले आणि रडले. तंबाखू खुडायला जाणारी ती पोरगी आठवून रडले. शेटनं माझं नाव नुसतं गाळलं होतं. माझ्या नवऱ्यानं तिथं दुसऱ्याचं बसवलं, आणि तो दुसरा जन्माला पण आलेला न्हाय.

अमृतनं नीलमला फोन लावून दिला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अण्णा, मी विचारलं होतं. जांबोटीत भात आणि जंगल, तिथल्या माणसानं तंबाखूचं फूल कुठं बघितलं, असं म्हणलं होतं. पुस्तकभर आक्का निपाणीकडच्या हाईत. एकदा आक्कांना विचारा, असं पण म्हणलं होतं. तुम्ही म्हणाला, हाय तसंच ठेवायचं." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. वर तिनंच उपाय सांगितला, बरोबर ओळीची बारीक पट्टी छापून देते, प्रत्येक प्रतीत त्या ओळीवर चिकटवा. पट्टीवर काय पाहिजे ते लिहून पाठवा.

हे दिवसभर बसून ती ओळ लिहीत होते. संध्याकाळी माझ्यापुढं कागद धरला. "पाठवायच्या आधी तू वाच."

इतक्या वर्षांत ह्यांनी काही बाहेर जायच्या आधी मला दाखवलं ते हे पहिल्यांदा. मी खिडकीपाशी नेऊन वाचलं. तंबाखूच्या फुलाचा हा काठ इंदुबाईनं काढला, माहेर निपाणीकडचं. मी उलट करून मागची बाजू बघितली. परत वाचलं.

"ह्यात खोटं काय घातलंय ते आधी सांगा."

"काय न्हाय गं इंदू."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

ह्यांनी हात ठेवला. तरी मी अजून एकदा वाचलं. मग कागद ह्यांना परत न देता नीलमला मीच फोन लावला आणि एकेक शब्द वाचून दाखवला, तिच्याकडनं परत म्हणून घेतला.

पट्ट्या आल्यात. हे खळ शिजवून पडवीत बसलेत, एकेक प्रत उघडून भावकूला बुजवतायत. मी समोर बसून प्रत्येक प्रत बघते, मगच गठ्ठ्यात जाऊ देते. एक प्रत राहिली, राजकुमार शेटच्या दुकानातली. हे म्हणाले, उद्या जाऊन चिकटवून येतो. मी म्हणलं, तुम्ही नको. पट्टी मी पदराला बांधून ठेवलीय. सकाळी पहिल्या रिक्षानं मीच जाणार हाय.