आपांचं बर्फाचं गाव

आपा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. कुवेतमधल्या अबू हलीफाच्या आमच्या इमारतीत मी राहायला आले, त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये भेटल्या आणि नावगाव न विचारता म्हणाल्या, "उजवी टाच उचलून चालतेस गो. चप्पल बदल." मी पुण्याची. अनोळखी माणसाने सल्ला दिलेला मला सोसत नाही, कारण तो मान आमचा असतो. पण चप्पल बदलली आणि टाच दुखायची थांबली, तेव्हा मुकाट्याने त्यांच्या घरी जाऊन चहा प्यायले.

आपा श्रीवर्धनकडच्या. जाब्रियातल्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होत्या. नवरा लवकर गेला, मुलगा त्यांनी इथल्या पगारावर शिकवला आणि तो पनवेलला स्थिरावला. मल्याळी नर्सपासून इजिप्तच्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणत. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या कुवेती आज्या त्यांच्याकडे यायच्या आणि चार पावलांत खुर्ची मागायच्या. आपा त्यांना अरबीत जे दरडावायच्या, ते आम्हाला घरी आपल्या भाषेत सांगायच्या: "बसायला घरी सोफा हाय. हिता चालायला आलीस." आज्या रडत, शिव्या देत आणि चालायला लागत.

बऱ्या झालेल्या या आज्या हिवाळ्यात लेकासुनांबरोबर थंड मुलखात फिरायला जायच्या आणि आल्यावर आपांना फोनवर फोटो दाखवायच्या. त्यातला एक आपांच्या मनात घर करून बसला. जॉर्जियातलं एक डोंगरातलं गाव, लोक तिथे बर्फावर घसरायला जातात. पण फोटो होता गावातल्या जुन्या रस्त्याचा: दोन्ही बाजूंना नक्षीदार लाकडी सज्जांची घरं, मधोमध दगडी चर्च आणि काठी टेकत चाललेली आजी. "तिचा पाय मी चालता केला," आपा म्हणायच्या, "तो थंय फिरून आला. माझा कदी जायचा?"

जायचं मात्र दर वर्षी पुढे ढकललं जायचं. आम्हा परदेशातल्या लोकांचं सगळंच 'पुढच्या सुट्टीत' असतं. मध्यंतरी लोकांचे गुडघे सांभाळता सांभाळता आपांचा स्वतःचा उजवा गुडघा गेला. मग नोकरीची मुदतवाढ नाकारली गेली आणि मार्चअखेर त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपणार हे ठरलं. "कुवेतचा इकामा हाय तवर जॉर्जियाला व्हिसा लागत नाय," त्या म्हणाल्या. "गावाला गेल्यावर मना कोन नेतय?" मुलाने फोनवर समजावलं, अम्मी, आधी गुडघा दाखव, मग बर्फ बघ. आपांनी फेब्रुवारीच्या सुट्टीची दोन तिकिटं काढली आणि दुसरं माझं आहे हे मला नंतर सांगितलं.

तिथे पोचल्यावर आम्ही जी चूक केली, ती फक्त कुवेतचीच माणसं करू शकतात. दुपारी हॉटेलवर उतरलो, जेवलो, पडदे ओढले आणि गाढ झोपलो. दुपारी बाहेर पडायचं नसतं, रस्ते सूर्यास्ताच्या मगरिब नमाजानंतर जागे होतात, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं की दोघींपैकी एकीलाही शंका आली नाही. दिवेलागणीला नटूनथटून निघालो, तर सगळी झगमग वर डोंगरावरच्या नव्या हॉटेलांत आणि खाली जुन्या रस्त्यावर सामसूम. दुकानांना कुलपं, दिवसा वितळलेलं बर्फ पुन्हा गोठून काचेसारखं झालेलं. आपांचा पाय दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला सटकला. मी सावरलं, पण गुडघा मुरगळायचा तो मुरगळलाच.

सकाळी तो नारळाएवढा सुजला होता. सुट्टी दोनच दिवसांची, त्याच दुपारी विमानतळावर परतायचं होतं. म्हणजे सकाळ गेली तर रस्ताही गेला, कायमचा. हॉटेलची मालकीण हातवारे करून सांगत होती, खिडकीतून बघा, छान दिसतं. आपा पलंगाच्या कडेवर बसून गुडघ्याला पट्टा गुंडाळत होत्या. "आपा, हट्ट नको," मी म्हणाले. "तुमच्या पेशंटने असं केलं असतं तर?"

"तिला खाटेवर निजवली असती," आपा म्हणाल्या. "पन तिला परत यायला मिळाला असता. त्या दाराकडच्या काठ्या माग मालकिणीकडून."

बर्फावर घसरणाऱ्यांच्या त्या दोन काठ्या घेऊन आपा जुन्या रस्त्याच्या सुरुवातीच्या पुलापासून निघाल्या. ऊन पडलं होतं, दुकानांच्या फळ्या उघडल्या होत्या. एका भट्टीतून होडीच्या आकाराचे पाव बाहेर येत होते आणि जड बूट घातलेली पोरं आम्हाला वळसा घालून धडधडत पुढे जात होती. आपा कशाकडेही बघत नव्हत्या. ओठ घट्ट मिटलेले, आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला. चर्चपाशी त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आलेला पाहून माझा धीर सुटला. फोटोतली जागा आली, आता वळूया, असं मी जवळजवळ ओरडलेच.

"तू वळ," त्या म्हणाल्या. "मना टोकापर्यंत जायचाय."

मी कसली वळते. रागारागाने त्यांच्यामागून चालत राहिले.

टोकाला काहीच नव्हतं. एक बंद गॅरेज, बर्फाचा ढीग आणि पुढे साधा डांबरी रस्ता. आपा तिथे थांबल्या आणि पहिल्यांदाच मागे वळून आलो तो सगळा रस्ता त्यांनी पाहिला. बराच वेळ पाहिला.

"एवढाच?" त्या म्हणाल्या. "मग मी हिता यायला इतकी वरसा कशाला घाबरत व्हते गो?"

असं म्हणून त्या रडल्या. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. वाटेत भट्टीवर घेतलेल्या गरम पावाचा तुकडा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो रडत रडतच संपवला.

मार्चच्या शेवटी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. मुलाने पनवेलहून त्यांच्यासाठी व्हीलचेअर नोंदवून ठेवली होती आणि एक बांगलादेशी कर्मचारी ती घेऊन उभा होता. आपांनी मला जवळ घेतलं, "येतंव," म्हणाल्या, आपली पर्स खुर्चीवर ठेवली आणि लंगडत पुढे निघाल्या. मागून तो माणूस पर्स ढकलत निघाला. मी काचेपलीकडून बघत होते, डोळे वाहत होते आणि पुसायची लाज वाटत नव्हती. आपा दारापर्यंत चालत गेल्या, आणि मग दारातूनही चालतच गेल्या.