एकोणतीस सेंटिमीटरची जागा

निवृत्त झाल्यावर बाबांनी एक जुनी फोर बाय फोर जीप घेतली आणि आईला म्हणाले, "आता तुला माझी धरणं दाखवतो." ते पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर होते. तीस वर्षं ते साइटवर टेप घेऊन हिंडले आणि आई कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये राहिली.

"तुमची धरणं मी पाहिली आहेत," आई म्हणाली. "दर महिन्याला तुमच्या शर्टांतून धुतली आहेत."

बेत असा होता की मार्चमध्ये दहा दिवस विदर्भात जायचं आणि तलावांच्या काठी तंबूत राहायचं. आईला मधुमेह आहे, इन्सुलिन लागतं आणि ते उन्हात टिकत नाही. म्हणून गाडीत छोटा फ्रिज आला. फ्रिज रात्रभर चालला तर गाडीची बॅटरी उतरणार, म्हणून फ्रिजसाठी दुसरी, स्वतंत्र बॅटरी. आईने अट घातली. "इन्सुलिन गार राहिलं पाहिजे आणि सकाळी गाडी सुरू झाली पाहिजे. आधी इथे पार्किंगमध्ये करून दाखवा. नाही जमलं तर तुम्ही जाऊन या, मी फोटो बघेन."

बाबा हसले, पण अट मान्य केली. एकट्याने जायचं असतं तर ते केव्हाच गेले असते.

बॅटरी निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी इंजिनियर. मी हिंजवडीला सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि घरातला बल्ब आईच बदलते, हा मुद्दा कोणी काढला नाही.

शनिवारी सकाळी बाबा बॉनेटखाली वाकले. मुख्य बॅटरीच्या शेजारी थोडी मोकळी जागा होती, तिथे त्यांनी टेप लावला. मी वही घेऊन उभी.

"लांबी एकोणतीस. रुंदी अठरा. उंची तेवीस."

मी लिहिलं. बाबा तसेच वाकून राहिले. त्यांच्या खात्यात टेप धरणारा आकडा सांगायचा, लिहिणारा तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच टेप उचलायचा.

"म्हण की."

"लिहिलंय, बाबा."

न म्हणण्याचं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी वाचते, लिहिते, मराठीतून मनातल्या मनात भांडतेसुद्धा. पण वीसच्या पुढचे आकडे आले की मी भाजीवाल्याच्या तोंडाकडे बघत राहते. एकोणीस म्हणजे नाइन्टीन हे पक्कं माहीत होतं. म्हणजे 'एकोण'मध्ये नऊ असणार. आणि तीस तर स्वच्छ ऐकू आलं होतं. तीस आणि नऊ. मी वहीत ३९ लिहिलं.

दुपारी स्कूटरवरून सदाशिव पेठेतल्या बॅटरीच्या दुकानात गेले. मालक साठीचे, चष्मा नाकाच्या टोकावर. बोलायला लागू नये म्हणून मी सगळ्यांच्या सूचना एका तक्त्यात मांडून प्रिंट काढून नेली होती. त्यांनी ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली, ही माझी अपेक्षा नव्हती.

"घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी. ही सूचना कोणाची?"

"बाबांची."

"त्यांना सांगा, ती घरात बसून राहणारी आहे. तिला खड्डे सोसत नाहीत. आणि हे लिथियम?"

"ऑफिसमधल्या एकाने सांगितलं."

"बॉनेटखाली ठेवणार ना? तिथे भट्टी असते. लिथियमला ती चालत नाही. त्याला म्हणावं, ऑफिसातला एसी पण गाडीत बसव."

मग त्यांनी एजीएम जातीची बॅटरी दाखवली. हिच्यात अ‍ॅसिड काचेच्या लोकरीत जिरवलेलं असतं, त्यामुळे ते हिंदकळत नाही आणि वर पाणी घालावं लागत नाही. "गाडीची मूळ बॅटरी एकदम जोर लावते आणि मोकळी होते. ही सावकाश, रात्रभर देत राहते. मध्ये एक आयसोलेटर टाकू. म्हणजे दोघी सख्ख्या जावा. इंजिन चालू असताना एकत्र जेवायचं, बंद झालं की चुली वेगळ्या."

मी हसू आवरलं. त्यांना ते दिसलं असावं, कारण आवाज जरा मऊ झाला. "पंच्याहत्तर अँपिअर-अवरची की शंभरची? शंभरवर फ्रिज दोन रात्री चालेल, पंच्याहत्तरवर जेमतेम दीड दिवस."

बाबांना एकेका तलावाशी दोन-दोन दिवस बसायचं होतं. मी शंभरच्या खोक्याकडे बोट केलं.

"तेहेतीस सेंटिमीटर लांब आहे. बसेल?"

खोक्यावर ३३० मिलिमीटर छापलं होतं, त्यावरून मला तेहेतीस कळलं. मी वही दाखवली. "ऐसपैस बसेल की," ते म्हणाले.

रविवारी ते स्वतः बसवायला आले. बॅटरी बॉनेटखाली उतरवली, उचलली, फिरवून पुन्हा उतरवली. मग कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"साहेब, जागा कोणी मोजली?"

"मी," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा कडक झाला. टेपच्या बाबतीत त्यांना आजवर कोणी काही म्हटलं नव्हतं. "एकोणतीस."

"वहीत थर्टी नाइन आहे."

सगळे माझ्याकडे वळले. वरून, गॅलरीतून कपडे वाळत घालता घालता, आई म्हणाली, "अहो, तिला एकोणतीस म्हणजे किती ते विचारा."

बाबांनी विचारलं नाही. तेच मला जास्त लागलं. ते मालकांना म्हणाले, "इंग्रजी शाळेचा हट्ट माझा होता. ही म्हणत होती, मैत्रिणीबरोबर मराठी शाळेत जाते म्हणून."

"असू द्या," मालक म्हणाले. "माझा नातू तीसला ट्वेंटी टेन म्हणतो. त्यापेक्षा हे बरं."

एकोणतीसमध्ये पंच्याहत्तरचीच बसत होती. ती सव्वीस लांब. म्हणजे एका जागी दोन रात्री मुक्काम नाही. रोज गाडी चालवून बॅटरी भरून घ्यावी लागणार. हे आईला सांगायला मीच वर गेले. माझ्या चुकीने बेत आखडला होता आणि तिला नाही म्हणायला आता चांगलं निमित्त होतं.

आईने शेवटचा चिमटा लावला. "म्हणजे दोन-दोन दिवस पाण्याकडे बघत बसायचं नाही?"

"नाही. रोज निघावंच लागेल."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

पार्किंगमधली परीक्षा मात्र तिने सोडली नाही. रविवारी दुपारी मालकांनी पंच्याहत्तरची बसवून दिली आणि संध्याकाळपासून फ्रिज गाडीत चालू राहिला. आत थर्मामीटर आणि इन्सुलिनच्या जागी लोण्याची डबी. सोमवारी सकाळी आईने डबी उघडून बोट लावलं, लोणी घट्ट होतं. बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि तळमजल्यावरच्या काकांनी खिडकी लावून घेतली.

निघायच्या दिवशी आईने इन्सुलिनचा डबा स्वतःच्या हाताने फ्रिजमध्ये ठेवला आणि ती मागे जाऊन बसली. मीही रजा टाकली होती; वही घेऊन पुढे बसले. बाबांनी किलोमीटर मोजणाऱ्या मीटरकडे पाहिलं.

"शेवटचे दोन आकडे लिही. एकोणऐंशी."

त्यांनी गाडी सुरू केली नाही. वाट बघत राहिले.

"एकोणऐंशी," मी मोठ्याने म्हणाले. "सेव्हन्टी नाइन."

"बरोबर आहे," मागून आई म्हणाली. "चला आता, मी धुतलेली धरणं दाखवा."