एका बाईचा हात उचलायला: बोरिवली, घाटकोपर, मुलुंड

शनिवारी निघाले तेव्हा स्वातीशी बोलणं बंद होतं. ती मूर्तिकार, मी मेकॅनिकल इंजिनीअर. मुलुंडच्या एका मंडळाचा गणपतीतला हलता देखावा आम्ही दोघी करतो. यंदा विहिरीवरची बाई हातानं घागर डोक्यावर चढवणार होती. पण दंड भरदार दिसावा म्हणून स्वातीबाईंनी मला न विचारता हातावर कागदी लगद्याचा आणखी एक जाड थर चढवला. मोटर नुसती घुं घुं करते, हात ढिम्म. मी म्हटलं, पाठीमागे लोखंडाचं वजन लावू. "माझ्या बाईला लोखंड लटकवायचं नाही," ती म्हणाली. मंडळानं सांगून टाकलं, सोमवारपर्यंत हात हलला नाही तर सरळ मोठा स्क्रीन लावू. म्हणजे आमची वाट लागली.

पूर्वी असेच देखावे करणाऱ्या घाटकोपरच्या पेंटरकाकांना भेटू, एवढ्यावर मात्र दोघींचं एकमत झालं. बोरिवलीहून जायचं असेल तर राष्ट्रीय उद्यान स्टेशनातून मेट्रो पकडा, गुंदवलीला उतरून पूल ओलांडा, पुढे घाटकोपरची मेट्रो मिळते. स्वाती स्टेशनबाहेर भेटली. मिसळ खाताना तिनं माझ्या ताटलीतला कांदा उचलला. भांडणात एवढं चालतं.

काकांची खोली टेकडीच्या चढावर आहे. पाण्याची बाटली घ्या, धाप लागते. काका आणि त्यांचा दोस्त अण्णा फिटर, दोघं एकाच मिलमधले. "काय गो, भांडान झाला मां?" काकांनी दारातच विचारलं.

"मिल बंद पडली, तेव्हा देखाव्याला भंगारातली मोटर मी आणली," अण्णा सांगत होते. "मग गाडीच्या वायपरची आली. आता पोरं चिप बसवतात. भांडण तेच."

कोपऱ्यात त्यांच्या जुन्या देखाव्यातला लाकूडतोड्या उभा होता. कुऱ्हाडीचा हात वर गेला की पाठीवरची मोळी खाली येते. स्वातीनं विचारलं, "मोळी एवढी मोठी का?"

"आत शिसं आहे," अण्णा म्हणाले. "मला वजन हवं होतं, यानं ते लपवलं."

"लपवलं नाय रे मेल्या. मोळीशिवाय तो लाकूडतोड्या वाटलाच नसता."

स्वाती त्याच्याभोवती दोनदा फिरली. मुलुंडच्या रिक्षात ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"किती वजन लागेल गं?"

"साधारण तान्ह्या पोराएवढं."

"मग पोरच बांधू की पाठीवर."

मला इतका आनंद झाला की मीटरकडे बघायचंही विसरले. मंडपात तिनं कापडाचं बाळ शिवलं, मी त्याच्या पोटात नटबोल्ट भरले. बटण दाबलं. हात सावकाश वर गेला, घागर डोक्यावर बसली आणि पाठीवरचं पोर दचकल्यासारखं खाली झुकलं.

"हात सोडा, पोर बघा यार," सेक्रेटरी म्हणाले. "स्क्रीनचं राहू दे. आयडिया कोणाची?"

"माझी," दोघी एकदम म्हणालो आणि पुन्हा भांडण सुरू.

बोरिवलीला पोचून हे लिहितेय. काकांची मोळी डोळ्यांपुढून जात नाही. अण्णांना वजन लागलं नसतं, तर काकांना ती सुचली असती का, कोण जाणे. एवढ्यात स्वातीचा फोन आला.

"पोराला टोपरं घालू? थोडं वजन वाढेल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं आधी विचारलं.

"घाल," मी म्हटलं. "वजनाचं मी बघते."