जपानकाकांचे गोदाम

कोणाच्याही घरी गेले की जपानकाका आधी माणसांना नमस्कार करत नसत. उंबऱ्याशी वहाणा काढून ते दाराशेजारच्या भिंतीवर तळवा टेकवत, क्षणभर थांबत आणि मग "राम राम" म्हणत. ही सवय ज्यांना माहीत नव्हती त्यांना वाटे, म्हाताऱ्याला घेरी आली. अमडापूरला आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा माझी आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली होती. "बसा हो, उन्हातून आले," ती म्हणाली. काका म्हणाले, "मले काही झालं नाही बाई. तुमच्या घराची तब्येत पाहून राह्यलो. ओल हाये थोडी, पण जगते अजून." पुढे कित्येक दिवस आई त्या भिंतीकडे आजारी माणसाकडे पाहावे तशी पाही.

अशा माणसावर लिहावे की नाही, मला नीटसे कळत नाही. काकांनी फार मोठे काही केले नाही, आणि जे केले तेही टिकले नाही. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मला इथपर्यंत आणून सोडणारी जी मोजकी माणसे, त्यांत ते आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या गावी असा एखादा काका असेल. तो डोळ्यांपुढे आणला तर माझे लिहिणे तोकडे पडले तरी चालेल.

ते मूळचे पिंपळगाव राजा या गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी खामगावच्या एका कापूस-दलालाकडे कारकून म्हणून लागले, तिथून मुंबईला गेले आणि आपल्या वऱ्हाडचा कापूस जपानला पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याबरोबर योकोहामा बंदरात जाऊन राहिले. लग्न राहूनच गेले. केस पिकल्यावर परत आले ते दोन सवयी घेऊन. चहात दूध घालत नसत, आणि वडीलधारे कोणी दिसले की कमरेत वाकून उभे राहत. पहिल्या सवयीमुळे बायका त्यांची कीव करत, दुसरीमुळे मुले त्यांची नक्कल करत. "जपानकाका" हे नाव मुलांनीच ठेवले.

योकोहामाबद्दल ते फारसे बोलत नसत. बोलले तर एकच गोष्ट सांगत. बंदराच्या काठाला तांबड्या विटांची थोरली गोदामे होती. भूकंप झाला तेव्हा एक गोदाम अर्धे कोसळले. "सारं शहर आडवं झालं बे," काका सांगत. "मले वाटलं, आता हे बी पाडून मोकळे होतीन. तं नाही! पडलं तेवढं उचललं, उघड्या पडलेल्या बाजूले नवी भिंत घातली, अन् राह्यलेल्या अर्ध्यात पुन्हा माल भरला. अन् पडलेल्या मलब्याचं काय केलं? समुद्राच्या काठाले टाकला अन् त्याच्यावर बाग केली बाग! लोक संध्याकाळी तिथं लेकरं खेळवाले नेत." एवढे सांगून ते आमच्याकडे असे पाहत, जणू ते गोदाम त्यांच्या आजोबांनीच बांधले होते. मग म्हणत, "पाडाले काय लागते? पाडाले तं गाढवाची लाथ बी पुरते."

खामगावला कापसाच्या बाजारामागे एका बंद पडलेल्या कापूस-प्रेसचे विटांचे गोदाम होते. जुने, भक्कम, चुन्यात बांधलेले, उंच कमानींचे. पूर्वी तिथे रुईच्या गाठी ठेवत. मालक मुंबईला असत आणि इथला कारभार त्यांचे दिवाणजी पाहत. गोदाम पाडून विटा विकायच्या हे जवळजवळ ठरलेच होते. काकांनी दिवाणजींच्या ओसरीवर बसून बसून त्यांना जेरीस आणले. शेवटी दिवाणजी म्हणाले, "घ्या हो काका, वापरा. जबतक भिंत उभी आहे तबतक तुमची. पडली की जागा आमची, विटा आमच्या." काका कमरेत वाकले. आणि त्या गोदामात आम्हा खेड्यांतल्या मुलांचे बोर्डिंग सुरू झाले.

खामगावला हायस्कूल होते, पण आमच्यासारख्यांना राहायला जागा नव्हती. म्हणून चौथीनंतर पोरे वावरात जात. काकांनी गावोगाव फिरून मुले गोळा केली. नावे त्यांच्या लक्षात राहत नसत. ते गावाच्या नावाने हाका मारत. मी अमडापूर. लोणारकडून आलेला एक दांडगा मुलगा होता, त्याचे गाव बीबी. सकाळी सकाळी "ए बीबी, उठ, झाडू घे!" अशी आरोळी आली की रस्त्यावरची माणसे आत डोकावून पाहत. बिचारा बीबी म्हणे, "काका, मले माह्या नावानं हाका मारा ना." काका म्हणत, "नाव तुह्या एकट्याचं हाये. गावाचं नाव घेतलं तं सारं गाव उठून बसते."

गोदामातली कुठलीही वस्तू त्यांनी वाया जाऊ दिली नाही. गाठी आत ढकलायच्या मोठ्या तोंडांना फळ्या लावून खिडक्या केल्या. वजनकाट्याच्या लोखंडी आकड्यांवर आमची दप्तरे आणि पीठमिठाच्या थैल्या टांगल्या. विटांच्या सांध्यांत जुनी रुई अडकलेली असे, वारा सुटला की ती भाजीत पडे आणि काका म्हणत, "खा, वऱ्हाडचा माल हाये, जपानी लोक जहाजानं नेत." एक गोष्ट मात्र त्यांना खपत नसे. मी एकदा सदरा टांगायला विटेत खिळा ठोकत होतो. ते धावत आले. "काऊन बे, विटेच्या छातीत काऊन ठोकतं? सांध्यात मार. सांधा पुन्हा भरता येते, फुटकी वीट सांधता येत नाही."

मग जपानशी लढाई सुरू झाली आणि काकांचे नाव त्यांना नडले. एक शिपाई चौकशीला आला. त्याने वही काढून विचारले, "तुमचं नाव जपान?"

"नाव तं मायबापानं दुसरंच ठेवलं होतं, जमादार. हे या पोट्ट्यायनं ठेवलं."

"जपानातून पत्रंबित्रं येतात?"

"इतकी वर्षं झाली," काका म्हणाले, "एका बी विटेनं पत्र टाकलं नाही."

शिपाई हसला, बिनदुधाचा चहा एक घोट प्याला, तोंड वाकडे करून निघून गेला. पण लढाईने आमचे दुसरे नुकसान केले. लोखंड आणि पत्रा मिळेनासा झाला. एका उन्हाळ्यात दिवाणजींची माणसे शिड्या घेऊन आली आणि गोदामावरचे पत्रे, ते पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांसकट, उतरवून घेऊन गेली. काका धावत दिवाणजींकडे गेले. दिवाणजी शांतपणे म्हणाले, "काका, भिंतीची बात झाली होती. पत्र्याची कुठं झाली?"

आभाळ उघडे पडले. पावसाळा तोंडावर होता. छप्पर झाले नाही तर आम्ही सगळे आपापल्या गावी जाणार, आणि एकदा गेलेला मुलगा परत येत नाही हे सगळ्यांनाच माहीत होते. शिवाय भिंती भिजून पडल्या की दिवाणजी विटा न्यायला टपलेलेच होते. काकांनी कौलांसाठी, आमच्याकडच्या कवेलूंसाठी, खटपट केली, पण उताराला लागेल एवढे लाकूड मिळेना. शेवटी त्यांनी मुलांच्या वडिलांना बोलावले.

बाजाराच्या दिवशी सगळे त्या बिनछपराच्या गोदामात जमले. माझे बाबा वांगी-मेथी विकून टोपल्यासकट आले होते. त्यांनी वर पाहिले आणि म्हणाले, "एवढी कायची फिकीर करता काकाजी? धाबा टाकू ना! लाकडं, वर पऱ्हाट्या, वर माती. माह्या आज्याच्या घरावर हाच धाबा हाये. पावसाच्या बापाले फुटत नाही."

धाब्याची घरे वऱ्हाडात कोणाला सांगायला नकोत. सपाट छपरावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पसरून त्यांवर गावाच्या जुन्या टेकाडाची पांढरी माती थापायची आणि दरवर्षी पावसाळ्याआधी नवा थर द्यायचा. पण गावातल्या घरात तो सगळा भार लाकडी खांब उचलतात; मातीच्या भिंती नुसत्या आडोशाला असतात.

काकांनी विचारले, "अन् खांब?"

"खांबाले लाकूड कुठून आणता?" बीबीचे वडील म्हणाले. "अन् पाह्यजे कायले? आपल्या भिंती मातीच्या, म्हणून आपण त्यायच्यावर भरोसा ठेवत नाही. ही तं पक्की वीट हाये. साहेबाच्या कचेरीसारखी!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पक्क्या विटेचे घर त्यांच्यापैकी एकाचेही नव्हते. भाजलेली वीट म्हणजे काहीही पेलणारी, असे ते मनापासून मानत होते. काका भिंतीला तळवा लावून बराच वेळ उभे राहिले. "वजन लय होईन, भाऊ," एवढेच ते म्हणाले. बाबा म्हणाले, "तं मग पोरायले वापस नेऊ काय?" काकांनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "टाका."

पुढचे दिवस लग्नघरासारखे गेले. एका पडक्या घराची, आडव्या तुळयांपुरती सागवानी लाकडे कोणीतरी मिळवली. गावोगावच्या पांढऱ्या मातीच्या बैलगाड्या खामगावला आल्या. प्रत्येक बाप म्हणे, आमच्या गावची माती सगळ्यांत चिवट. बीबीच्या वडिलांनी तर दोन मुक्काम करून आणली. थर थापता थापता त्यांच्यात पैजा लागल्या, आणि पैजेपायी थर जाड होत गेला. खाली उभे राहून काका पुन्हा पुन्हा सांगत, "बस झालं हो, बस झालं." वरून उत्तर येई, "राहू द्या काकाजी, लेकरं झोपतीन खाली!"

पाऊस लागला आणि थेंबसुद्धा आत आला नाही. आम्ही कोरडे झोपलो. मग श्रावणात झड लागली. दिवसचे दिवस सूर्य दिसला नाही. माती पाणी पीत राहिली. एका रविवारी दुपारी आम्ही भाकरी खात बसलो असताना पश्चिमेच्या कमानीवरून चुन्याची बारीक पूड माझ्या ताटात पडली. रुई असेल म्हणून मी ती फुंकरली. काका उठले, कमानीपाशी गेले आणि मागे न बघता म्हणाले, "ताटं तिथंच ठेवा. सारे बाहेर. धावू नोका." आम्ही पावसात उभे राहिलो. पश्चिमेची भिंत बाहेरच्या बाजूला हळूच कलली आणि तिच्यामागे छप्पर बसले. कोणाला खरचटलेही नाही.

पाऊस उघडल्यावर काका ढिगाऱ्यात शिरले. एक वीट उचलून त्यांनी दुसरीवर मारली. खणखणीत आवाज आला. "ऐकलं काय, अमडापूर?" ते मला म्हणाले. "वीट अजून जशीच्या तशी हाये. वजनानं मेली बिचारी."

दिवाणजी छत्री घेऊन आले. काका त्यांच्यापुढे एवढे वाकले की मला बघवेना. "अर्धं उभं हाये, दिवाणजी. मी उघड्या बाजूले भिंत घालतो. जपानात बी असंच केलं होतं..."

"जपानचं नाव नका घेऊ या दिवसांत," दिवाणजी म्हणाले. "उभी म्हणजे सगळी उभी. बात झाली होती." दुसऱ्याच आठवड्यात गवंडी पहारी घेऊन आले. उरलेली भिंत पाडायला त्यांना फार कष्ट पडले.

वडील मंडळी आम्हाला न्यायला आली. माझे बाबा त्या पांढऱ्या चिखलाकडे पाहत उभे राहिले. त्यांचा चेहरा मी पूर्वी तसा कधी पाहिला नव्हता. "काकाजी," ते म्हणाले, "खरं सांगा. आमच्या मातीनं तं नाही झालं?" बाकीचेही जवळ येऊन ऐकू लागले.

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "छे हो! तुमच्या धाब्यातून थेंब नाही गळला. वीटच कुजकी निघाली. पंचवीस-तीस वर्षांची जुनी, आतून पोकळ. मीच फसलो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली वाकून माझी वळकटी बांधू लागलो.

मुले पांगली. बीबी वावरात गेला. त्याच्या धाकट्या भावाला शाळेत घातलेच नाही. मला काकांनी एका ओळखीच्या घरच्या पडवीत जागा मिळवून दिली, म्हणून मी मॅट्रिक झालो. ते स्वतः पिंपळगावला भावाकडे जाऊन राहिले. लढाईच्या शेवटी जपानची शहरे आगीत जळाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो होतो; ते अंथरुणावरच होते. त्यांनी विचारले, "बंदरावरच्या गोदामाचं काही छापलं काय रे?" मी म्हणालो, नाही. "काऊन छापतीन," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. त्या हिवाळ्यात ते गेले. मी अमरावतीला कॉलेजात होतो. कळले तेव्हा तेरावा होऊन गेला होता.

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी गेलो. धाब्यावर माती टाकायचे काम चालले होते. गल्लीतल्या कोणीतरी खामगावच्या बोर्डिंगचा विषय काढला. शिडीवर चढणाऱ्या बाबांनी टोपले खाली माझ्यापाशी ठेवले, घाम पुसला आणि म्हणाले, "माणूस देव होता. पण भिंती कुजक्या होत्या त्याच्या. त्यानं स्वतः सांगतलं मले. माती आपली चांगलीच होती." मी ते भरलेले टोपले उचलले आणि वर त्यांच्या हातात दिले.