आईनं बाजूला ठेवलेला शब्द

इस्लामपूरच्या स्टँडवर मी पुण्याच्या एसटीत बसले तेव्हा आई रडली नाही. खिडकीतून दशम्यांचं गाठोडं आत सरकवलं आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर. आन् उपाशी बसू नगंस." मला राग आला. पोरगी परदेशी जायच्या तयारीला निघाली तरी हिचे डोळे कोरडे!

पुण्यात हॉस्पिटलमध्ये नर्सची नोकरी आणि उरल्या वेळात इंग्रजीचा क्लास. इंग्रजीची परीक्षा पास झाल्याशिवाय आयर्लंडची वाट बंद होती. पहिल्यांदा सपशेल आपटले. पुस्तकात प्रत्येक अवघड शब्दाला एक उदाहरणाचं वाक्य असायचं, पण ते कुठल्या तरी लॉर्डचं, नाही तर बर्फाचं. आज पाठ केलेला शब्द उद्या गायब.

फोनवर रडगाणं गायले तर आई म्हणाली, "मग आपल्या घरातलं वाक्य कर की. आजचा शब्द काय?"

"रिलक्टंट. मनात नसताना कसंबसं करणारा."

"व्हय? मग त्यो तुज्या आप्पांचा. थंडीत आंघुळीला निघाल्यावर बघ."

आप्पा मागून ओरडले, पण शब्द कायमचा डोक्यात बसला. मग रोज संध्याकाळी फोनवर शब्दांची वाटणी सुरू झाली. 'मेटिक्युलस', म्हणजे बारीकसारीक गोष्टीतही काटेकोर, हा काकूला मिळाला, कारण ती चाळलेलं पीठ पुन्हा चाळते. 'ऑब्स्टिनेट', म्हणजे हट्टी, आमच्या म्हशीला. एक शब्द मात्र आईनं कुणालाच दिला नाही. 'इनकन्सोलेबल', म्हणजे कितीही समजावलं तरी ज्याचं रडू थांबत नाही असा. "ऱ्हाऊ दे त्यो बाजूला," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या खेपेला पास झाले. निकाल ऐकून आईनं असा मोठा श्वास सोडला की मलाच हलकं वाटलं. मग हळूच म्हणाली, "त्यो बाजूला ठिवल्याला शब्द माजा हाय गं. तुजी गाडी हलल्यावर आप्पांनी लय समजावलं, पर घरी येईस्तवर डोळं थांबलं न्हाईत. तवा तुला दिसलं असतं तर तू खाली उतरली असतीस."

खरंच उतरले असते.

आता इथं आयर्लंडच्या वॉर्डात एखादे आजोबा गोळी घ्यायला कुरकुरले की मी फाइलमध्ये 'रिलक्टंट' लिहिते आणि टॉवेल घेऊन उभे असलेले आप्पा आठवून हसते. आईचा शब्द मात्र तिनं विमानतळावर स्वतःच वापरून टाकला. सगळ्यांदेखत, माझ्या गळ्यात पडून, पोटभर रडली. तिचं रडू बघून मी आता मागं फिरणार नाही, एवढा भरवसा तिला आला होता, म्हणून मी विमानात निवांत बसले. माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांना हे कळेल. जिथल्या माणसांना माझ्यापासून रडू लपवावं लागत नाही, ते आता माझं घर.