आजच्या पाहुण्या: व्हर्लीन स्टकी

व्हर्लीन स्टकीने आयुष्यभर शाळांच्या बँडचे गणवेश विकले. ओहायो असो, इंडियाना असो, जिथे म्हणून आमची पोरं ढोल आणि कर्णे घेऊन फुटबॉलच्या मैदानावर कवायत करतात, तिथे ही बाई डिकीत लाल कोट आणि तुऱ्याच्या टोप्या भरून हजर. रात्रीचा मुक्काम हमरस्त्याकडेच्या हॉटेलात, तोही एकाच कंपनीच्या, कारण तिथे उतरलं की कार्डावर पॉइंट चढत, आणि पॉइंट साठले की खोली फुकट. कार्डाचा रंग बदलत बदलत सगळ्यात वरचा झाला आणि तिकडे मुलगी आईविना मोठी झाली. पहिलीत बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं? कॉरीन म्हणाली, "मी आणि डॅडी. मॉम हॉटेलात राहते." सगळा वर्ग हसला. व्हर्लीनला हे पुढे कधीतरी कळलं आणि काळजात रुतून बसलं.

काम सोडल्यावर तिने ठरवलं, साठलेले पॉइंट एका दमात उडवायचे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर त्याच कंपनीचं झगमगीत रिसॉर्ट होतं. कॉरीनला आणि जावयाला तिथे आठवडाभर न्यायचं, आणि यजमान आपण. जावई प्रेस्टन दातांचा डॉक्टर. माणूस वाईट नव्हे, पण बिल आलं की पाकीट अशा थाटात काढायचा की समोरच्याला आश्रितासारखं वाटावं. या आठवड्यात ते पाकीट बाहेर येता कामा नये, एवढंच तिला हवं होतं.

रिसॉर्टच्या काउंटरवरची मॅनेजर गोड हसली. "खोल्या पॉइंटमध्ये आल्या, मिसेस स्टकी. फक्त रोजचा रिसॉर्ट आकार वेगळा."

"कसला आकार?"

"टॉवेल, जिम, किनाऱ्यावरची छत्री. आणि गावातल्या गावात फोन फुकट."

"टॉवेल मी घरून आणलेत. जिममध्ये जाऊन मला कुणाशी कुस्ती खेळायची नाही. आणि या गावात मी ओळखते कुणाला, फोन करायला?"

"तो सगळ्यांनाच भरावा लागतो, मॅम."

"अगं, माझं कार्ड बघ की. यावर आकार माफ असतो, न्याहारी फुकट असते."

"बाकी हॉटेलांत असते. आमचं रिसॉर्ट त्या सवलतींत येत नाही. न्याहारीचे वेगळे. गाडी आमचाच माणूस लावतो, त्याचेही वेगळे."

"म्हणजे पाटी कंपनीची आणि सवलतीच्या वेळी तुम्ही परके! छान आहे."

तेवढ्यात प्रेस्टनने पाकीट काढलंच. "व्हर्लीन, जाऊ द्या हो. एवढंसं तर आहे. मी देतो ना."

व्हर्लीनचं डोकं तडकलं. इतकी वर्षं घरापासून लांब काढली, आणि शेवटी यजमान कोण, तर हा!

"पाकीट आत," ती म्हणाली. "आणि तू पोरी, खोल्या रद्द कर."

मॅनेजरने पडद्याकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाली, "ऐनवेळी रद्द केलं की पॉइंट बुडतात. पण तुमच्या कार्डाला ते परत मिळतात. ही सवलत मात्र इथेही चालते."

"चला, एक तरी चालली!"

"मॉम, वेड लागलंय का तुला?" कॉरीन कुजबुजली. "आता जायचं कुठे?"

"गाडीत बस. कळेल."

हमरस्त्यावर पेट्रोल पंपामागे कंपनीचं साधं हॉटेल होतं. खोल्या पॉइंटमध्येच मिळाल्या, वर कसला आकार नाही. या गावात व्हर्लीन पहिल्यांदाच येत होती, पण गालिचाची नक्षी तीच आणि तरणतलावाचा वासही तोच. अंधाऱ्या खोलीत तिने हात घातला तो नेमका दिव्याच्या बटणावर. कॉरीन दारातच थबकली. आई इतकी निवांत वावरताना तिने कधी पाहिली नव्हती. संध्याकाळी तिघं सार्वजनिक किनाऱ्यावर गेले आणि घरच्या टॉवेलांवर लोळले. समुद्र तोच होता.

सकाळी न्याहारीला प्रेस्टन पाकीट घेऊन भिरभिरत होता. "पैसे कुठे द्यायचे?"

"कसले पैसे?" टेबलं पुसणारी बाई म्हणाली. "खा की."

त्याने निमूट पाकीट खिशात टाकलं, आणि व्हर्लीनला असा काही आनंद झाला की विचारू नका. तिकडे आपलं आपण वॉफल भाजून घ्यायच्या यंत्रापुढे एक ट्रकवाला पीठ सांडून अडला होता. तिने त्याला बाजूला सारलं, साचा उलटवला आणि सोनेरी वॉफल त्याच्या ताटात टाकलं. मग आपल्यासाठी पीठ ओतलं.

या हॉटेलांची एक रीत आहे. जुनं गिऱ्हाईक उतरलं की काउंटरवरच्या काळ्या पाटीवर त्याचं नाव पांढऱ्या अक्षरांत लावतात. 'आजच्या पाहुण्या: व्हर्लीन स्टकी.' कॉफी घ्यायला गेलेली कॉरीन त्या पाटीसमोर बराच वेळ उभी होती.

"कोण हो ही बाई?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"माझी मॉम," कॉरीन म्हणाली, आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "आम्ही तिच्या घरी राहायला आलोय."

यंत्र केव्हाचं वाजत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच व्हर्लीनचं वॉफल करपलं.