चुना ठरवतो

बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करायची, कान लावायचा आणि म्हणायचं, "अजून ओली आहे, शेठ." एवढ्यासाठी हा गृहस्थ माझ्याकडून पगार घेत असे. डॉक्टर असता, तर एकही पेशंट घरी सोडला नसता.

नव्वदच्या दशकात सिंगापुरातलं ते जुनं विटा-चुन्याचं घर मी दुकानासाठी भाड्याने घेतलं, ते सरकारच्या जतनाच्या यादीत होतं. म्हणजे भाडं मी भरायचं आणि लाड भिंतींचे. जाणकार म्हणून पुण्याचे हे काका मिळाले.

जहाजांना भाजीपाला पुरवत मी वर आलो. घासाघीस कप्तानांशीही केली. काकांना कुठला सोडतो?

"गिलावा वाळायला किती दिवस?"

"तीस."

"पंधरा करा. दसऱ्याला दुकान उघडायचंय."

"तीस."

"बरं, वीस. तुमचं नको, माझं नको."

"शेठ, मी नाही ठरवत. चुना ठरवतो."

त्या चुन्यात गूळ, काथ्याचं पाणी आणि अंड्यातलं पांढरं. इथल्या जुन्या गवंड्यांची रीत म्हणे! उरलेलं पिवळं यायचं यिशुन भागातल्या आमच्या फ्लॅटवर. आठवडाभर तेच खाऊन माझी मुलगी इथल्या इंग्रजीत ओरडली, "पपा, नो मोर येलो लाह!" भिंत मात्र तुकतुकीत झाली.

डावी भिंत वाळली आणि काका नातवाच्या बारशाला पुण्याला गेले. मी पडलो हुशार. उजव्या भिंतीला सिमेंट थापलं, रंग दिला, दसरा साधला.

काका उद्घाटनालाच परतले, हातात बारशाचे पेढे. त्यांनी उजव्या भिंतीवर टकटक केली, कान लावला. मी भांडायच्या तयारीतच होतो.

"बोला की!"

"आता ती काही सांगणार नाही, शेठ. तोंड बांधलंत तिचं."

पेढे टेबलावर ठेवून गेले ते गेलेच. कामाचा पास संपल्यावर पुण्याला परतले.

सहा महिन्यांत आत कोंडलेल्या ओलीने सिमेंट फुगलं आणि पडताना जुन्या विटांची सालं घेऊन आलं. सरकारी साहेबाने बजावलं, भिंत वाचवा, नाहीतर घर सोडा. मी पुण्याला फोन लावला. त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा गेले. महिना झाला."

माझा राग अजून आहे. माणसाने निदान 'सांगितलं होतं ना' एवढं तरी ऐकवून जावं!

सिमेंट खरवडलं, पुन्हा अंडी आणली. विसाव्या दिवशी टकटक करून कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

दुकान आणखी दहा दिवस बंद ठेवलं.